ओट्यावरचा तपास

छोटं गाव, एक खून, मोजके संशयित आणि त्यांच्याच शेजारी राहणारं एक शहाणं माणूस. अशा कादंबरीची बैठक पक्की झाली ती पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडात. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ साली कथेतून आली, तिची पहिली कादंबरी १९३० ची. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात राहणारी ही विणकाम करणारी म्हातारी ताज्या गुन्ह्याचा धागा गावातल्या एखाद्या जुन्या, क्षुल्लक भानगडीशी जुळवते. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, एवढ्या भांडवलावर ती पोलिसांच्या पुढे असते. १९३० मध्येच लंडनला डिटेक्शन क्लब निघाला. वाचकापासून पुरावा दडवायचा नाही, हा दंडक त्याच्या सभासदांनी शपथेवर मानला.

मराठीत रहस्यकथा घरोघर नेली बाबूराव अर्नाळकरांनी. हजाराच्या वर पुस्तकं, त्यांत झुंजार, काळा पहाड, धनंजय हे नायक. पण हे जग वेषांतराचं, पाठलागाचं आणि बरंचसं मुंबईचं. खान्देशातल्या वाचकाने ते आवडीने वाचलं, तरी त्यात त्याचं गाव नव्हतं.

मला ही उणीव मोठी वाटते, कारण गावाने मिळून मरणाचा उलगडा करायचा ही रीत इथे कायद्यातच होती. खान्देश तेव्हा मुंबई इलाख्यात होता. इलाख्याच्या १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानुसार संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस पाटलाने गावातली दोन किंवा अधिक समजूतदार माणसं बोलावायची आणि त्यांनी मरणाच्या कारणाचा शोध घ्यायचा. १९६७ साली महाराष्ट्राने नवा ग्रामपोलीस कायदा केला, त्यातही पोलीस पाटील कायम राहिला.

अशा कादंबरीची बाकीची सामग्री तर इथे रोजचीच. रात्रीच्या लाईटीवर केळीला पाणी भरायला कोण गेलं होतं आणि मोटार खरंच चालू होती का, हे भाऊबंदांना बरोबर ठाऊक असतं. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या पुऱ्या येतात, आणि वर्षभर न बोलणारे दोघे चुलतभाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसतात. सगळे संशयित एका जागी आणायला इंग्लंडातल्या लेखकांना बंगल्यातली मेजवानी योजावी लागे.

अशा गावातल्या रहस्यकादंबऱ्यांत रक्त फारसं दिसत नाही. वाचायचा असतो तो शेजार: कोणाचा बांध कोणी कोरला, सोयरीक कशाने मोडली, आबा गेल्यावर सातबाऱ्यावर कोणाचं नाव लागलं. खून झाला की हे सगळं एकदम पुरावा होतं, आणि ओट्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या एखाद्या जिजीला ते तालुक्याहून आलेल्या फौजदाराच्या कितीतरी आधी ठाऊक असतं.