मोठ्या मापाच्या मोटार-प्रतिकृतींचे तपशीलकाम

मोटार-प्रतिकृतींचे तपशीलकाम : मोटारीच्या प्रतिकृतीत मूळ गाडीतले, पण कारखान्याच्या संचात (जुळवायच्या सुट्या भागांच्या किटमध्ये) वगळलेले किंवा ढोबळपणे दाखवलेले भाग हाताने घडवून बसवण्याची कला. छंदिष्टांत डिटेलिंग व सुपरडिटेलिंग हे शब्द रूढ आहेत. संचाचा आधार न घेता सारीच प्रतिकृती मुळापासून केली तर त्यास स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. ‘मोठे माप’ म्हणजे सामान्यतः १:१२ (मूळ गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढी प्रतिकृती) आणि त्याहून मोठे. काही जण १:१६ देखील त्यात धरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १:८ विचारात घेतले आहे.

मापांचा उगम : १:८ हे माप कोठून आले याविषयी छंदिष्टांत दोन मते आढळतात. एका मतानुसार ते केवळ व्यापारी सोयीचे आहे : दुकानाच्या काचेत नजरेत भरेल आणि तरी खोक्यात मावेल एवढा आकार. दुसरे मत त्याचा संबंध फूट-इंचांच्या आरेखनाशी जोडते. फुटाला दीड इंच धरले की १:८ येते, एक इंच धरला की १:१२, पाऊण इंच धरला की १:१६ आणि अर्धा इंच धरला की १:२४. या सर्व खुणा वास्तुविशारदांच्या इंग्रजी पद्धतीच्या त्रिकोणी मापपट्टीवर तयार असतात. वाफेवर चालणाऱ्या छोट्या आगगाड्या बनवणाऱ्यांतही फुटाला दीड इंच हे माप प्रचलित आहे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण त्यातून एक नव्हे तर चार मापांचा उलगडा होतो. १:४३ ची कथा निराळी. ‘ओ’ गेज या मापाच्या खेळण्यातील आगगाड्यांत फुटाला ७ मिमी. धरत, ३०४·८ ला ७ ने भागले की ४३·५ येतात. रुळांशेजारी उभ्या करायच्या मोटारींनी तेच माप उचलले.

अडचण १:२५ ची आहे. ते फूट-इंचांच्या पट्टीत बसत नाही, तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मोटारविक्रेत्यांच्या जाहिरातीसाठी बनलेल्या प्रतिकृतींत ते स्थिरावले आणि तेथून प्लॅस्टिकच्या संचांत आले. सगळीच मापे पट्टीवरून येतात असेही नाही. तामिया या जपानी कंपनीच्या पॅन्थर रणगाड्याचा आकार आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ठरला आणि नंतर मोजता तो साधारण १:३५ भरला, असे कंपनीच्याच प्रमुखांनी सांगितले आहे. ते माप पुढे लष्करी प्रतिकृतींचे प्रमाण होऊन बसले.

इतिहास : जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही स्पर्धा सुरू केली. आरंभी नेपोलियनकालीन घोडागाडीची प्रतिकृती करावी लागे. पुढे स्वतःच्या कल्पनेतील मोटारी १:१२ मापात स्वीकारल्या जाऊ लागल्या. स्पर्धा १९६८ मध्ये बंद झाली. एएमटी या अमेरिकी संचनिर्मात्या कंपनीने १९५८ च्या सुमारास एकाच खोक्यातून मूळ, बदललेली वा शर्यतीची अशी तीनपैकी कोणतीही गाडी जुळवता येईल असे संच आणले. ‘कस्टम’ या शब्दाला छंदात दुहेरी अर्थ आहे : एक, मालकाच्या लहरीप्रमाणे बदललेली गाडी, दोन, एखाद्या विशिष्ट गाडीशी तंतोतंत जुळवलेली प्रतिकृती. मोनोग्रॅम या अमेरिकी कंपनीने १९६० च्या दशकात १:८ मधील ‘बिग’ मालिका काढली. इटलीतील तूरिनच्या पोचर कंपनीचा (स्थापना १९५१) १९०७ च्या फियाट शर्यतगाडीचा १:८ संच १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. तिच्या नंतरच्या अल्फा रोमिओ व रोल्स-रॉइस संचांत चाकांचे आरे एकेक करून ओवावे लागत. इंग्लंडच्या जेरल्ड विंग्रोव्ह यांनी मुळापासून घडवलेल्या प्रतिकृती या कलेचा मानदंड मानल्या जातात.

जाडीचा प्रश्न : तपशीलकाम म्हणजे भागांची भर, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे काम जाडी कमी करण्याचे असते. खऱ्या मोटारीचा पत्रा सुमारे ०·८ मिमी. जाड, १:८ मध्ये तो ०·१ मिमी. हवा. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकची भिंत दीड-दोन मिमी. असते, म्हणजे खऱ्या गाडीचे दार १२ ते १६ मिमी. जाड पत्र्याचे असल्यासारखे. लहान प्रतिकृतीत हे खपून जाते. मोठ्या प्रतिकृतीत दार उघडताच उघडे पडते. म्हणून दार, बॉनेट व चाकावरील कमानी यांच्या कडा आतून कानशीने उतरत्या केल्या जातात. रंगाचेही तसेच : खऱ्या गाडीवरील सर्व थर मिळून ०·१ मिमी.च्या आसपास असतात. तेवढाच थर प्रतिकृतीवर दिला तर तो मापात ०·८ मिमी. होतो आणि दारांच्या फटी बुजतात. धातुछटेच्या रंगातील चकाकणारे कण तर मापाने लहान करताच येत नाहीत. त्यासाठी बारीक भुकटीचा वेगळा रंग लागतो. त्रिमितीय छपाईत ०·०५ मिमी.चा थर बारीक मानतात, पण त्याच्या पायऱ्या १:८ मध्ये ०·४ मिमी.च्या ठरतात, तेव्हा पॉलिशपेपर सुटत नाही.

एक उदाहरण : जॅग्वार ई-टाइप (१९६१) १:८ मध्ये सुमारे ५५ सेंमी. लांब होते. तिचे लांबलचक बॉनेट पुढे कलंडते, त्यामुळे इंजिन झाकून ठेवण्याची सोय नाही. स्पार्क प्लगच्या खऱ्या तारा ७ मिमी. जाड; येथे ०·९ मिमी.ची वेष्टित तार चालते. तारा जोडण्याचा, म्हणजे सहा सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा, क्रम १-५-३-६-२-४. पण जॅग्वार या इंजिनाचे सिलिंडर मागून, म्हणजे चालकाच्या बाजूने मोजते. पुढून मोजणाऱ्याच्या तारा क्रम पाठ असूनही चुकीच्या प्लगवर जातात. चाकांना प्रत्येकी ७२ आरे. पहिल्या सुमारे ५०० गाड्यांत बॉनेटच्या कड्या बाहेरून होत्या आणि सुरुवातीच्या गाड्यांच्या डॅशबोर्डचा मधला भाग ठशांच्या ॲल्युमिनियमचा होता. पुढे कड्या आत गेल्या आणि डॅशबोर्डचा तो भाग काळा झाला. तेव्हा नुसती ‘ई-टाइप’ करता येत नाही, कोणत्या काळातली ते आधी ठरवावे लागते. बाहेरच्या कड्या आणि काळा डॅशबोर्ड एकत्र आले की जाणकार प्रतिकृती बाजूला ठेवतो.

साहित्य : पितळी व ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या, स्टायरीन या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि छापील सर्किटप्रमाणे फेरिक क्लोराइडने कोरलेले पितळी पत्रे ही मुख्य सामग्री. पितळाचे सांधे शक्यतो डाख देऊन करतात. खरे लाकूड वा कातडे वापरले म्हणजे काम खरे दिसते असे नाही : अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा मापात फळीएवढ्या रुंद दिसतात, म्हणून बॉक्सवूड किंवा पेअरसारखे दाट पोताचे लाकूड रंगवून घेतात, आणि कातडे कागदाइतके तासल्याखेरीज आसनांच्या शिवणीत वळत नाही. गालिच्यासाठी रंगीत तंतूंचा भुगा ओल्या गोंदावर चाळतात. संचातील क्रोम चढवलेल्या भागांवर साच्याची रेघ राहते. मुलामा उतरवून, रेघ घासून, चकचकीत काळ्या अस्तरावर धातूचा रंग फवारणे हा नेहमीचा उपाय. खिडक्यांच्या कडांना चिकट पातळ धातुपत्रा लावतात.

टिकाव : जुन्या प्रतिकृतींना दोन दोष जडतात. मऊ व्हिनाइलच्या टायरांतील द्रव्य पाझरून पॉलिस्टायरीनची चाके खाते. टायर बसवण्यापूर्वी रिमवर धातुपत्र्याचे अस्तर दिल्यास हे टळते. ओतीव जस्त-मिश्रधातूत शिशाची भेसळ असेल तर धातू फुगून भेगाळतो, आणि त्यावर इलाज नाही. तो भाग नव्याने ओतावा किंवा घडवावा लागतो.