माज येतो, पण उतरत नाही

उन्हाळ्यात माण-खटाव किंवा आटपाडी-जतच्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर थोडा वेळ उभं राहा, "म्हस माजावरच येत न्हाय" ही तक्रार कानावर पडणारच. त्या दिवसांत म्हशीचा माज मुका होतो. ती ओरडत नाही, सोट (योनीतून लोंबणारा चिकट स्राव) फारसा दिसत नाही, आणि गोठ्यातल्या माणसाच्या लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. मग पुढचे २१ दिवस वाट बघायची. भाकड काळ लांबतो, वैरण मात्र रोजची रोज लागते.

ब्रिटनमध्ये ससे धरण्यासाठी फेरेट पाळणाऱ्यांची एप्रिलमधली काळजी बरोबर याच्या उलट असते. त्यांच्या माद्या वेळेवर माजावर येतात आणि तो माज कुणाच्या नजरेतून सुटत नाही. पण नर लावला नाही तर तो उतरतच नाही. आठवडे जातात, महिने जातात, आणि शेवटी त्या माजानंच मादी दगावू शकते.

फेरेट आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. फोटो दाखवला की लोक मुंगूस म्हणून मोकळे होतात. मुंगसाशी त्याचं जवळचं नातं नाही. तो पाणमांजराच्या कुळातला. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसानं तो माणसाळवला, तेही दोन हजार वर्षांपूर्वीच. सशांच्या बिळात असे प्राणी सोडण्याची स्पेनमधली रीत ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो यानं नोंदवून ठेवली आहे. पद्धत अजून तीच आहे. बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायचा, घाबरलेला ससा दुसरीकडून थेट जाळीत येतो. फेरेटच्या गळ्यात आता छोटा ट्रान्समीटर असतो, म्हणजे तो आत अडकला तर कुठं खणायचं ते वर कळतं. हे सगळं काम हिवाळ्यातलं. वसंतात झाडोरा वाढतो, सशांना पिल्लं होतात आणि फेरेटना सुट्टी मिळते. माद्यांचा माज नेमका या रिकाम्या महिन्यांत सुरू होतो.

नराला तिकडे हॉब म्हणतात आणि मादीला जिल. जिल अंगानं नराच्या जवळपास निम्मी, अरुंद बिळात सहज शिरणारी, त्यामुळे कामाला बरेच जण माद्याच ठेवतात. प्रत्येकीचं दर वर्षी वेत घ्यायचं म्हटलं, तर एका वेताला सात-आठ पिल्लं होतात. ती द्यायची कुणाला? म्हणून बहुतेक माद्या न लावता ठेवायच्या असतात, आणि घोटाळा तिथंच सुरू होतो.

गाई-म्हशीच्या अंडाशयावर पुटिका, म्हणजे अंडं ज्यात पिकतं ती पाण्याची बारीक पिशवी, वाढते. पुटिकेतून इस्ट्रोजेन स्रवतं, त्यानं जनावर माज दाखवतं. इस्ट्रोजेन पुरेसं चढलं की मेंदूच्या बुडाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच या संप्रेरकाची एक मोठी लाट सोडते, पुटिका फुटते आणि अंडं बाहेर पडतं. वळू गावात असो नसो, हे आपोआप घडतं. म्हणून तर कृत्रिम रेतन जमतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टर नायट्रोजनच्या कंटेनरमधून गोठवलेल्या वीर्याची बारीक स्ट्रॉ चिमट्यानं उचलतात, अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरतात, कोरडी पुसून गनमध्ये भरतात. ही सगळी लगबग अंडं सुटण्याची वेळ गाठण्यासाठी. अंडी किती सुटावीत यावर तर आपल्याच भागात मोठं काम झालं आहे: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोल मेंढीतलं एक जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि जुळी देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली.

फेरेटमध्ये एलएचची लाट समागमाशिवाय येत नाही. हॉब मादीची मान दातांत धरतो, तिला फरफटवतो, आणि हा प्रकार तासन् तास चालू शकतो. पहिल्यांदा बघणारा माणूस दोघांना सोडवायलाच धावेल. त्या उद्दीपनाचा निरोप मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो, आणि साधारण ३० ते ४० तासांनी अंडी सुटतात. मांजर आणि ससाही याच गटातले. उंट आणि लामा यांची रीत आणखी निराळी. मज्जातंतूंच्या वाढीसाठी शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत असलेलं एक प्रथिन नराच्या वीर्यात असतं, आणि लामाच्या मादीत तेच अंडं सोडवतं, हे २०१२ मध्ये उघड झालं.

पण मांजरीला बोका मिळाला नाही तरी तिचा माज आठवडाभरात ओसरतो आणि काही दिवसांनी परत येतो. शेजाऱ्यांची झोपमोड होते, एवढंच. जिलच्या पुटिका अशा माघार घेत नाहीत. त्या तशाच टिकून राहतात आणि इस्ट्रोजेन ओतत राहतात. एरवी शोधून बघावी लागणारी तिची योनी सुजून बोराएवढी होते आणि तशीच राहते. मालकाला रोज दिसणारी खूण ती हीच.

खरं नुकसान होतं ते हाडांच्या आत. अस्थिमज्जेत रक्तपेशी सतत तयार होत असतात, कारण जुन्या पेशी सतत मरत असतात. इस्ट्रोजेन महिनाभर किंवा त्याहून जास्त चढलेलं राहिलं की फेरेटच्या मज्जेतल्या मूळ पेशी नव्या रक्तपेशी घडवणं थांबवतात. तांबड्या पेशी घटल्या की पंडुरोग, पांढऱ्या घटल्या की जंतुसंसर्ग, आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका घटल्या की रक्तस्राव. बहुतेक माद्या या तिसऱ्या कारणानं जातात. माज लांबत गेलेल्या माद्यांपैकी सुमारे निम्म्यांवर ही पाळी येते.

सुरुवातीला शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी सारखेच केस गळतात. थोडे केस माजात एरवीही गळतात, त्यामुळे इथं फसायला होतं. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या फिकट दिसतात. पोटाची कातडी नीट पाहिली तर बारीक लाल-जांभळे ठिपके सापडतात. कातडीखाली रक्त झिरपू लागल्याची ती निशाणी. पुढं विष्ठा काळी होते, मागचे पाय लटपटतात. निरोगी फेरेटच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ४० टक्क्यांच्या वर असतो. तो १५ च्या खाली गेला तर वाचण्याची आशा फार थोडी उरते. त्यातल्या त्यात एक बरं आहे: फेरेटमध्ये रक्तगटांची भानगड आढळलेली नाही, त्यामुळे दुसऱ्या निरोगी फेरेटचं रक्त देता येतं. अर्थात नवं रक्त म्हणजे उसनवारी. मज्जा पुन्हा कामाला लागेपर्यंत ते कितीदा देणार?

आपल्या गोठ्यात याच्या सगळ्यात जवळची म्हणजे अंडाशयावर सिस्ट (पाण्याची गाठ) झालेली गाय. तिचीही पुटिका फुटत नाही, नुसती फुगत जाते, आणि अशा काही गाई सतत माज दाखवत दुसरीच्या अंगावर उड्या घेत राहतात. मात्र तिची मज्जा शाबूत राहते. या बाबतीत हळवी म्हणावी तर कुत्री. नको असलेलं लागणं रद्द करायला पूर्वी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन सर्रास दिलं जाई, आणि त्यातून काही कुत्र्यांची मज्जा बंद पडल्याचं पशुवैद्यकाला चांगलं ठाऊक आहे.

फेरेटचा माज सुरू होतो तो दिवस मोठा होण्यानं. साताऱ्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा आणि लहान ११ तासांचा, म्हणजे फरक जेमतेम दोन तासांचा. लंडनमध्ये हेच आकडे साडेसोळा आणि आठ तासांच्या आसपास आहेत. अंधारात मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. रात्र लहान झाली की मेलॅटोनिनही कमी वेळ टिकतं, आणि फेरेटच्या शरीराला हंगाम आल्याचं कळतं. म्हशीचा हिशेब याच्या उलटा. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती खुलते, म्हणून तर पावसाळा सरता सरता म्हशी पटापट माजावर येतात. उन्हाळ्यात म्हशीला माजावर आणण्यासाठी कातडीखाली मेलॅटोनिन ठेवण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत. घरात दिव्याखाली राहणाऱ्या फेरेटचा हंगाम बिघडतो तोही याचमुळे: बाहेर डिसेंबर, आणि ट्यूबलाइटच्या खोलीत तिच्या लेखी उन्हाळा.

आता उपाय. कामाचे फेरेट पाळणाऱ्यांचा जुना आणि माझ्या मते अजूनही सर्वांत समजूतदार उपाय म्हणजे हॉब्लेट, म्हणजे नसबंदी केलेला नर. खच्ची केलेला नव्हे. त्याची वृषणं जागेवर असतात, फक्त शुक्रवाहिनी कापलेली असते, त्यामुळे इच्छा आणि ताकद दोन्ही शाबूत, पिल्लं मात्र नाहीत. मोठ्या गोठ्यांत गाईचा माज ओळखायला असाच नसबंदीचा वळू फिरवतात. इथं तो माज उतरवायला लागतो. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं, कारण नळीत मागे राहिलेले शुक्रजंतू तेवढ्यात संपतात. हॉब्लेट लागल्यावर जिलला खोटी गर्भधारणा होते, तीही खऱ्याइतकीच, जवळपास ४२ दिवसांची. काही माद्या घरटं करतात, एखादीच्या सडांत दूधही उतरतं. ती सरली की माज परत येऊ शकतो, म्हणून एका उन्हाळ्यात नर दोनदा किंवा तीनदा लावायची तयारी ठेवावी लागते. मानेवरच्या जखमा बघाव्या लागतात, आणि एकच नर दहा घरी फिरवला तर रोगही फिरतो.

नर नको असेल तर इंजेक्शन. एक प्रकार एचसीजीचा; मेडिकलमधल्या गर्भचाचणीच्या पट्टीवर ओळखलं जातं तेच हे संप्रेरक. ते एलएचची नक्कल करून अंडी सोडवतं, पण माज सुरू होऊन दहाएक दिवस झाल्यावरच, कारण पुटिका पिकलेल्या असाव्या लागतात. आपल्याकडे सिस्टवाल्या गाईलाही डॉक्टर हेच किंवा याच्याच तोडीचं औषध देतात. दुसरा प्रकार ब्रिटनमध्ये जिल जॅब नावानं रुळला होता. त्यात प्रोलिजेस्टोन असे, गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या जातीचं. ते मेंदूकडून येणारा हुकूमच दाबतं, आणि बऱ्याच माद्यांचा अख्खा हंगाम एका डोसात निघे. सगळ्यांचा नाही, म्हणून तपासणं सोडता येत नसे.

मग एकदाच शस्त्रक्रिया करून अंडाशयच का काढू नये? ऐकायला सरळ वाटतं. पण अंडाशय गेले की एलएचला आवर घालणारं कुणी उरत नाही. ते वर्षानुवर्षं चढलेलं राहतं, आणि फेरेटच्या मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीवरही एलएचला प्रतिसाद देणाऱ्या जागा असतात. ग्रंथी सुजते, कधी तिची गाठ होते, आणि ती स्वतःच लैंगिक संप्रेरकं बनवू लागते. नेदरलँड्समधल्या २००० सालच्या अभ्यासात शस्त्रक्रिया आणि या आजाराचं निदान यांत सरासरी साडेतीन वर्षांचं अंतर आढळलं. म्हणून युरोपात आता डेस्लोरेलिनची बारीक कांडी कातडीखाली सरकवण्याकडे कल आहे. मेंदूचा जो हुकूम एरवी थांबून थांबून येतो, तो ही कांडी अखंड देत राहते. पहिले काही दिवस उलट जोर चढतो, मग पियुषिका तो हुकूम मानेनाशी होते आणि दीड वर्ष किंवा अधिक काळ एलएच व अंडाशय दोन्ही शांत राहतात. कांडीला पैसे जास्त पडतात. एक-दोन माद्या असतील तर परवडतं. दहा-बारा असणारा माणूस हॉब्लेटच ठेवतो.

पण हॉब्लेटलाही त्याचा हंगाम असतो. नर माद्यांच्या आधी, भर हिवाळ्यातच तयार होतात, आणि उन्हाळा सरत आला की त्यांची वृषणं आक्रसतात. खोट्या गर्भधारणेतून बाहेर पडलेली जिल ऑगस्टमध्ये पुन्हा सुजलेली दिसली, तर तोवर नराचं मन उडालेलं असतं. त्या वेळी त्याच्या भरवशावर आठवडे न घालवता तिला घेऊन दवाखाना गाठावा लागतो.