निर्वासितांची रुग्णसेवा : वैद्यकीय शिक्षण

छळ, युद्ध वा वांशिक हिंसेमुळे देश सोडावा लागलेल्या रुग्णांची भाषा, श्रद्धा आणि त्यांनी सोसलेले प्रसंग ध्यानात घेऊन तपासणी व उपचार कसे करावेत, याचे भावी डॉक्टरांना दिले जाणारे शिक्षण.

त्याची गरज भूतानच्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांच्या उदाहरणातून दिसते. १९९०च्या सुमारास देशाबाहेर घालवले गेलेले हे लोक पूर्व नेपाळच्या छावण्यांत जवळजवळ दोन दशके राहिले. २००७ पासूनच्या पुनर्वसनात लाखाहून अधिक जण परदेशी गेले, त्यांतले बहुतेक अमेरिकेत. तेथील तपासणीत अनेकांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हे जीवनसत्त्व ज्यांतून मिळते ते मांस, अंडी, दूध छावणीच्या शिध्यात जवळपास नव्हतेच. २००९ ते २०१२ या काळात त्यांच्यात १६ आत्महत्यांची नोंद झाली. भाषेची अडचण, मागे राहिलेल्या आप्तांची काळजी, सणवार आणि धर्माचार सांभाळता न येणे, अशी दुखणी या समाजातील लोकांनी पाहणीत सांगितली. पायाला मुंग्या येतात (ब-१२च्या कमतरतेचे हे एक लक्षण) म्हणून आलेल्या माणसाचे रक्त तपासायचे आणि घरी कोण कोण आहे हेही विचारायचे, ही दोन्ही कामे विद्यार्थ्याला यावी लागतात.

‘अमुक समाज अमुक मानतो’ अशा याद्या पाठ करून हे साधत नाही. ल्होत्शाम्पांतच हिंदू आहेत, बौद्ध, किरात धर्म पाळणारे आणि ख्रिस्तीही आहेत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सुचवलेले प्रश्न म्हणूनच आजही शिकवले जातात : हा आजार कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते? या आजारात सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? मेलनी टर्वालन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडलेली ‘सांस्कृतिक विनम्रता’ याच्याही पुढे जाते. डॉक्टरने आधी स्वतःचे पूर्वग्रह तपासावेत, असे ती सांगते.

सरावाचा मोठा भाग दुभाष्यासह बोलण्याचा असतो. नजर रुग्णाकडे ठेवायची, वाक्ये लहान ठेवायची. मुलाला दुभाषा करणे घातकच. आई त्याच्यासमोर मासिक पाळीबद्दल किंवा अत्याचाराबद्दल बोलणार नाही. दुभाषा त्याच छोट्या वस्तीतला असेल तर गुप्ततेची धास्ती वाटते, तेव्हा दूरच्या शहरातील दुभाषा फोनवर घेतात. छळ सोसलेल्या रुग्णाला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. ईसीजीच्या वायरींनीही विजेच्या झटक्यांची आठवण उसळू शकते. छळाच्या खुणा कशा नोंदवाव्यात हे १९९९च्या इस्तंबूल प्रोटोकॉल या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेत दिले आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल महाविद्यालयात २०१० पासून विद्यार्थ्यांनी चालवलेल्या केंद्रात आश्रय मागणाऱ्यांसाठी अशी तपासणी होते.

भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी निर्वासित रुग्ण येथेही आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. सोवा-रिग्पा या तिबेटी वैद्यकाला भारतात २०१० मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. क्षयाच्या गोळ्या सुरू करताना तिबेटी औषधे चालू आहेत का, हे न रागावता विचारले तरच खरे उत्तर मिळते.