ताकायामा : जुनी पेठ आणि तिच्या चवींचे वय

जपानच्या मुख्य बेटाच्या मधोमध, गिफू प्रांतातील हिदा या डोंगराळ मुलखात वसलेल्या ताकायामा शहरात येणारा पर्यटक बहुधा एकच क्रम पाळतो. सकाळी मियागावा नदीकाठचा बाजार, मग काळपट लाकडी घरांच्या सान्माची पेठेतून फेरफटका, वाटेत भाजलेले दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे), साके या तांदळाच्या मद्याचा एखादा पेला आणि शेवटी हिदा गोमांसाचा घास. हे सारे शतकानुशतके असेच चालत आले असावे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात मात्र यातील प्रत्येक गोष्टीचे वय निराळे आहे.

सर्वांत जुनी आहे ती येथील सुतारकी. शेती बेताचीच आणि जंगल अफाट, अशा या प्रांताला आठव्या शतकातील कायद्याने काही कर माफ केले आणि त्यांच्या बदल्यात राजधानीकडे सुतार पाठवण्याचे बंधन घातले. नारा या तेव्हाच्या राजधानीतील देवळांच्या आणि राजवाड्यांच्या बांधकामावर हिदाच्या कारागिरांनी अशी वेठ भरली, आणि त्यातूनच त्यांचे नाव देशभर झाले.

शहर म्हणून ताकायामा उभे राहिले ते कानामोरी नागाचिका या सरदारामुळे. तेव्हाचा जपानचा सर्वांत बलाढ्य सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या आज्ञेवरून त्याने 1585 मध्ये हिदा जिंकले, टेकडीवर किल्ला बांधायला घेतला आणि खाली व्यापाऱ्यांची पेठ वसवली. त्याच्या वंशजांनी शंभराहून अधिक वर्षे येथे राज्य केले. मात्र 1692 मध्ये एदो (आजचे टोकियो) येथून देश चालवणाऱ्या शोगुनशाहीने, म्हणजे लष्करी राजवटीने, या घराण्याची दूर उत्तरेला बदली केली आणि हिदा थेट स्वतःच्या ताब्यात घेतले. त्यामागे येथील इमारती लाकडावर आणि खाणींवर डोळा होता, असेच इतिहासकार सहसा मानतात. किल्ला पाडण्यात आला आणि कारभार जिनया म्हणजे सरकारी कचेरीतून सुरू झाला. ही कचेरी आजही उभी आहे. शोगुनशाहीच्या अखेरीस देशात अशा कचेऱ्या साठाच्या आसपास होत्या. त्यांपैकी मुख्य इमारत शिल्लक राहिली ती एवढ्या एकाच ठिकाणी, आणि तिच्यात 1969 पर्यंत सरकारी कामकाज चालत असे. पर्यटक तिथली तांदळाची कोठारे कौतुकाने पाहतात. पण त्या तांदळाच्या वसुलीपायी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिदाचे शेतकरी अनेकदा उठले आणि त्यांतील कित्येकांना देहदंड झाला, हेही ध्यानात ठेवायला हवे.

पेठेचे रूप याच काळात घडले. व्यापारी सावकारी, साके आणि लाकूड यांवर गब्बर झाले, तरी घराच्या दर्शनी भागात श्रीमंती मिरवण्याची त्यांना मुभा नव्हती. म्हणून वळचणी खाली उतरलेल्या, रस्त्याकडे बारीक लाकडी जाळ्या आणि लाकडावर काजळीमिश्रित गडद रंग, अशी घरे झाली. ऐश्वर्य आत गेले. पैशाला दुसरी वाट मिळाली ती उत्सवाच्या रथांत. वसंतात हिए आणि शरदात साकुरायामा हाचिमान या देवस्थानांच्या उत्सवांत निघणारे कोरीव, सोनेरी मुलाम्याचे, काहींवर दोऱ्यांनी नाचवल्या जाणाऱ्या बाहुल्या असलेले हे रथ म्हणजे त्या दाबून ठेवलेल्या हौसेचेच प्रदर्शन आहे. युनेस्कोने 2016 मध्ये जपानमधील ज्या 33 रथोत्सवांना वारसा म्हणून एकत्रित मान्यता दिली, त्यांत ताकायामाही आहे.

सकाळच्या बाजाराचे मूळ एदो काळातील, म्हणजे शोगुनशाहीच्या काळातील, तुतीच्या पानांच्या बाजारात सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांच्या बायका तेथे भाजी आणू लागल्या, आणि आजही लाल सलगमाचे लोणचे विकायला बहुतेक त्याच बसतात. येथे लोणचे म्हणजे बर्फात अडकलेल्या हिवाळ्याची बेगमी होती. होबा मिसोचे (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) मूळही अशाच गरजेत आहे: मॅग्नोलियाच्या जातीच्या झाडाचे हातभर लांब वाळके पान निखाऱ्यांच्या शेगडीवरील जाळीवर ठेवायचे, त्यावर मिसो, कांद्याची पात आणि अळंबी पसरायची, आणि पानाच्या कडा करपू लागल्या, मिसो खदखदू लागला, की तो भाताबरोबर खायचा. दांगोसुद्धा येथे गोड पाकात बुडवत नाहीत. तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला टोचून, नुसता सोया सॉस लावून भाजतात, आणि त्या करपट खारट वासानेच गल्ली ओळखू येते.

ज्या गोमांसासाठी आज लोक रांगा लावतात, ते मात्र या सर्वांत तरुण आहे. सम्राट तेन्मूने 675 मध्ये गुरांच्या मांसावर निर्बंध घातला, आणि त्यानंतर बौद्ध आचारामुळे जपानी समाजाचा मोठा भाग अनेक शतके गोमांसापासून दूर राहिला. सम्राट मेइजीने 1872 मध्ये ते उघडपणे खाल्ले, तेव्हा कुठे वारे फिरले. हिदातील गुरे तर शेतीकामाची होती. गिफू प्रांताने 1981 मध्ये ह्योगो प्रांतातून यासुफुकू नावाचा वळू आणला, त्याच्या वंशातून मांसाचा दर्जा उंचावला आणि 1988 मध्ये ‘हिदा गोमांस’ हे नाव अधिकृतपणे ठरवण्यात आले. तांदळाच्या कुरकुरीत चकतीवर मांसाची सुशी ठेवून देणे हा त्याहूनही अलीकडचा, निव्वळ पर्यटकांसाठीचा प्रकार. चवीला उत्तम, पण परंपरा म्हणून तो गळी उतरवण्याचे कारण नाही.

पर्यटनाचा इतिहासही फार लांबचा नाही. गिफू आणि तोयामा यांना जोडणारा लोहमार्ग 1934 मध्ये पूर्ण झाला, तोवर येथे पोहोचणे जिकिरीचे होते, आणि याच आडवळणामुळे पेठ बऱ्याच अंशी टिकली. साठच्या दशकात रहिवाशांनी नदी स्वच्छ करण्याची मोहीम घेतली आणि घरे जपण्यासाठी मंडळ काढले. 1970 पासून जपानी रेल्वेने देशांतर्गत प्रवासाची जी मोठी जाहिरात मोहीम चालवली, तिने शहरी तरुणींना अशा गावांकडे वळवले. आणि 1979 मध्ये सान्माचीला राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेव्हापासून घराचे बाह्यरूप मनाला येईल तसे बदलता येत नाही. आतल्या वापरावर मात्र तेवढा अंकुश नाही, त्यामुळे अनेक घरांची दुकाने झाली आहेत. रथांची देखभाल त्या-त्या आळीतील कुटुंबांकडे असते. राहणारी माणसे कमी झाली, तर ती जबाबदारी कोणी उचलायची, याचे उत्तर संरक्षणाच्या नियमांत सापडत नाही.