चुएका (माद्रिद)

चुएका ही स्पेनची राजधानी माद्रिदच्या अगदी पोटातली एक छोटी वस्ती, पुण्यातल्या एखाद्या पेठेएवढी, आणि गेली तीसेक वर्षं युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या गे वस्त्यांपैकी एक. गंमत म्हणजे सरकारी नकाशात चुएका नावाची वस्तीच नाही, महापालिकेच्या लेखी हा सगळा भाग सेंत्रो जिल्ह्यातल्या खुस्तिसियात मोडतो, आणि खुस्तिसिया म्हणजे न्याय. पण माद्रिदमध्ये कुणी तसं म्हणत नाही, सगळे चुएकाच म्हणतात. दक्षिणेला ग्रान व्हीयाचा मोठा रस्ता, पश्चिमेला फुएनकार्राल, आणि मधे ओर्तालेसा, पेलायो, ग्राविना, लिबेर्ताद, आउगुस्तो फिगेरोआ अशा अरुंद गल्ल्या, चालत पंधरा मिनिटांत आरपार होतं.

नाव आलंय ते वस्तीतल्या चौकावरून, आणि चौकाला नाव दिलंय फेदेरिको चुएका या संगीतकाराचं (1846 ते 1908). हा सार्सुएला लिहायचा, सार्सुएला म्हणजे ढोबळमानाने आपलं संगीत नाटक, गाणं-संवाद-गाणं असा प्रकार. त्याचा आणि गे चळवळीचा काहीच संबंध नाही, पण आज स्पेनमध्ये नुसतं "चुएका" म्हटलं की लोकांना आधी रात्र आठवते, मग संगीतकार.

इथल्या नाइटलाइफबद्दल लिहायचं तर बारच्या यादीपेक्षा दारांबद्दल लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण या वस्तीचा सगळा इतिहास बंद दारापासून काचेच्या दारापर्यंतचा आहे.

बेल वाजवायचे दिवस

हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीत 1954 साली "भटके आणि उडाणटप्पू" लोकांसाठीचा जुना, 1933चा कायदा बदलून त्यात समलिंगी लोकांना घुसवलं. मग 1970 साली त्याच्या जागी आणखी कडक कायदा आला, "सामाजिक धोका आणि पुनर्वसन" असं त्याचं नाव, म्हणजे माणसाने काही गुन्हा केलाय म्हणून नाही तर तो मुळातच धोकादायक आहे म्हणून त्याला आत टाकायचं, वर आपल्याच गावात राहायला बंदी घालायची. कित्येकांना उएल्वा आणि बादाखोसच्या तुरुंगांत पाठवलं. चुएकाचं मेट्रो स्टेशन सुरू झालं तेही याच 1970 सालात. तेव्हा ते बाकीच्या स्टेशनांसारखंच एक होतं, आज तिथे उतरलं की भिंतींवर इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात, आणि ही दोन्ही टोकं एकाच माणसाच्या आयुष्यात बसतात हे लक्षात घेतलं की अंगावर काटा येतो.

त्या काळात बार नव्हतेच असं नाही. होते, पण पाटी नसलेले, खिडक्या झाकलेले, दार आतून बंद. बेल वाजवायची, आतून कुणीतरी चेहरा बघणार, ओळखीचा किंवा विश्वासाचा वाटला तर दार उघडणार. आत कुणी नवा माणूस भेटला आणि तो आपल्यातला आहे का हे विचारायचं झालं तर सरळ विचारणं शक्य नव्हतं, म्हणून एक परवलीचा शब्द होता, "एन्तिएन्देस?" म्हणजे "तुला समजतं का?" समोरचा साधा असेल तर तो गोंधळून "काय समजतं?" म्हणणार आणि विषय तिथेच संपणार, आणि आपल्यातला असेल तर नुसतं "समजतं" म्हणणार. म्हणून अशा माणसाला "समजणारा" म्हणायचे, आणि अशा जागांना "आंबिएंते", म्हणजे वातावरण. "तो वातावरणातला आहे", "हा वातावरणाचा बार आहे". गे हा शब्द आला, रुळला, तरी आंबिएंते हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे.

बेल का लागायची ते तोर्रेमोलिनोसमध्ये काय झालं त्यावरून कळतं. दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या या गावात पासाखे बेगोन्या नावाची एक बोळवजा गल्ली होती, परदेशी टुरिस्टांमुळे तिथे थोडी मोकळीक होती, आणि 24 जून 1971च्या रात्री पोलिसांनी सगळ्या गल्लीवर धाड घातली, तीनशेहून जास्त लोकांची नावं-कागदपत्रं तपासली आणि 114 जणांना पकडून नेलं, त्यात परदेशी लोकही होते.

फ्रांको 20 नोव्हेंबर 1975ला गेला. पण 1970च्या त्या कायद्याखाली आत गेलेल्यांची सुटका लगेच झाली नाही, 1977च्या सर्वसाधारण माफीतूनही त्यांना वगळलं होतं. त्याच वर्षी 26 जूनला बार्सिलोनात पहिला मोठा मोर्चा निघाला, पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये, आणि डिसेंबर 1978च्या शेवटी समलैंगिकता त्या कायद्यातून काढली गेली. 26 डिसेंबर ही ती तारीख. आज माद्रिदमध्ये त्या तारखेचंच नाव घेतलेली एक संस्था आहे, फुन्दासिओन 26 दे दिसिएम्ब्रे, ती म्हाताऱ्या गे, लेस्बियन, ट्रान्स लोकांसाठी काम करते, म्हणजे बेल वाजवून आत गेलेली ती पिढी आता एकटी पडू नये म्हणून. रात्रीच्या गर्दीत फिरताना या संस्थेची आठवण ठेवावी असं मला वाटतं.

वस्ती कशी बदलली

ऐंशीच्या दशकात चुएका म्हणजे चांगल्या घरच्या लोकांनी टाळायची जागा. हेरॉइनचं व्यसन माद्रिदभर पसरलेलं, चौकात दिवसाढवळ्या सुया पडलेल्या, इमारती जुन्या, दुकानांची शटरं बंद. आणि म्हणूनच भाडी कमी. शेजारच्या मालासान्यात तेव्हा मोविदा जोरात होती, हुकूमशाहीनंतर तरुण पोरापोरींनी संगीत, सिनेमा, कपडे सगळ्यात घातलेला धुमाकूळ, आणि महापौर होते एनरिके तिएर्नो गाल्वान, वयाने आजोबा पण मनाने तरुणांच्या बाजूचे. त्या मोकळ्या हवेत काही लोकांनी चुएकात स्वस्तात जागा घेतल्या. आउगुस्तो फिगेरोआ रस्त्यावर कॅफे फिगेरोआ 1981मध्ये सुरू झालं, दुपारी बसून कॉफी पीत गप्पा मारायचं ठिकाण, आणि ही गोष्ट दिसते तितकी लहान नाही, कारण तोवर समलिंगी माणसाला भेटायचं म्हणजे रात्र आणि अंधार असंच समीकरण होतं. लिबेर्ताद रस्त्यावर ब्लॅक अँड व्हाइट आला, खाली नाच, वर ड्रॅगचे शो, म्हणजे बायकांच्या भडक वेशात पुरुषांची नाचगाणी.

पण खरा फरक पडला तो एका पुस्तकांच्या दुकानाने. मिली एर्नान्देस लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये राहून आलेली, तिथली गे पुस्तकांची दुकानं तिने बघितलेली, आणि 1993मध्ये तिने मार दे ग्रिन्यो हिच्यासोबत माद्रिदमध्ये बेर्काना नावाचं दुकान काढलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला शोकेसमधली पुस्तकं दिसणार, आतली माणसं दिसणार, आत शिरताना बाहेरच्यांना आपण दिसणार. पडदा नाही, बेल नाही. पुढे ते ओर्तालेसा रस्त्यावर आलं. दुकानं, कॅफे, सलून, बार एकामागून एक उघडत गेले, सगळे काचेचे, दाराला इंद्रधनुषी झेंडा. व्यसनी पोरांच्या जागी टेबलं-खुर्च्या आल्या, चौक परत राहण्यासारखा झाला, आणि ज्या म्हाताऱ्या आजीबाई सगळ्या वाईट काळात तिथेच राहिल्या होत्या त्यांनी या नव्या शेजाऱ्यांना चटकन आपलं मानलं. संघटना म्हणून कोगाम ही 1986पासूनची, मोर्चे, सल्ला, एचआयव्हीची तपासणी, सगळ्यात पुढे.

2005च्या 30 जूनला स्पेनच्या संसदेने समलिंगी लग्नाचा कायदा मंजूर केला, 3 जुलैपासून लागू, नेदरलँड्स आणि बेल्जियमनंतर जगात तिसरा देश. त्यासाठी झटलेला एक मोठा माणूस म्हणजे पेद्रो सेरोलो, जन्म काराकासचा, वकील, माद्रिदचा नगरसेवक, त्याने स्वतःही त्याच वर्षी आपल्या जोडीदाराशी लग्न केलं. 2015मध्ये कॅन्सरने गेला, वय अवघं 54. वस्तीच्या दक्षिण टोकाच्या चौकाला आता त्याचं नाव आहे.

रात्र कशी चालते

स्पॅनिशमध्ये मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतच्या वेळेला "मादरुगादा" म्हणतात, आपल्या "उत्तररात्री"च्या जवळ जाणारा शब्द, फरक इतकाच की तो रोजच्या वापरातला आहे, कारण ते लोक त्या वेळात खरोखर जागे असतात. भारतातून गेलेला माणूस साडेआठला जेवून नऊ वाजता बारमध्ये जाऊन बसतो आणि रिकाम्या खुर्च्या बघून म्हणतो हेच का ते प्रसिद्ध चुएका! तर तसं करू नये. जेवण साडेनऊ-दहाला, त्याआधी चौकात उभ्याने एखादी कान्या, म्हणजे लहान ग्लासातली बिअर. बाराच्या पुढे बार भरायला लागतात, तीन-साडेतीनला बार बंद होतात तेव्हा लोक डिस्कोकडे निघतात, तिथे साडेपाच-सहा. मेट्रो रात्री दीडला बंद होऊन सकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे एकतर दीडच्या आत निघायचं नाहीतर सहापर्यंत टिकायचं, मधल्या वेळात सिबेलेस चौकातून सुटणाऱ्या रात्रीच्या बस आहेत, त्यांना "बूओ" म्हणतात, म्हणजे घुबड.

आत गेल्यावर लोक "कोपा" मागतात. कोपा म्हणजे जिन, रम, व्हिस्की असं काहीतरी आणि सोबत टॉनिक किंवा कोला. बारटेंडर मोठ्या ग्लासात काठोकाठ बर्फ भरतो, मग बाटली तिरकी करतो आणि मापाचं भांडं न वापरता अंदाजाने ओततो, ओतता ओतता तुमच्याकडे बघत असतो, तुम्ही "वाले", म्हणजे "बास, ठीक", म्हणालात की थांबतो. नवख्याला हे माहीत नसतं, तो नम्रपणे गप्प उभा राहतो आणि ग्लास अर्धा दारूनेच भरतो. मग बारटेंडर टॉनिकची छोटी बाटली फोडून थोडं घालतो आणि उरलेली बाटली शेजारी ठेवून देतो. आपल्याकडच्या साठ मिलीच्या हिशोबाने दोन कोपा म्हणजे दोन पेग समजलात तर घोटाळा होतो, तेव्हा "वाले" हा शब्द आधी पाठ करा.

डिस्कोच्या तिकिटात बहुतेकदा एक ड्रिंक धरलेलं असतं, ते तिकीट जपून ठेवायचं. गल्लीत पोरं-पोरी कार्डं वाटत असतात, ते दाखवलं की एखादा शॉट फुकट. बारांचे स्वभाव वेगवेगळे, पेलायो रस्त्यावर एलएलसारख्या ठिकाणी ड्रॅगचे शो, दाढीवाल्या, अंगापिंडाने भरलेल्या "ओसो" म्हणजे अस्वल मंडळींचे वेगळे बार, बायकांचे बार कमी पण ग्राविना रस्ता आणि चौकाच्या आसपास वर्षानुवर्षं त्यांची जागा राहिलेली. काही बारमध्ये मागे "क्वार्तो ओस्कुरो" म्हणजे अंधारी खोली असते, तिथे काय चालतं ते नावावरून कळतंच, जायची सक्ती नाही, नको असेल तर समोरच्याचा हात शांतपणे बाजूला करणं पुरेसं असतं आणि तो नकार पाळला जाणं हाच तिथला नियम. तब्येतीच्या बाबतीत माद्रिद बरंच पुढे आहे, सान्दोवाल या सरकारी केंद्रात गुप्तरोगांची तपासणी नाव गुप्त ठेवून होते, आणि एचआयव्ही टाळणारी प्रेपची गोळी नोव्हेंबर 2019पासून सरकारी आरोग्यसेवेतून मिळते.

गाण्यांचं सांगायचं तर राफाएल्ला कार्रा ही गायिका वाजल्याशिवाय रात्र पुरी होत नाही. ती इटालियन, पण स्पेनने तिला घरची मानलं, 2021मध्ये ती गेली आणि पुढच्या वर्षी फुएनकार्राल रस्त्यावरच्या एका छोट्या चौकाला तिचं नाव दिलं.

ओरगुयो

जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा म्हणजे ओरगुयो, प्राइडचा सोहळा. मोठा मोर्चा शनिवारी आतोचा स्टेशनाहून कोलोन चौकाच्या दिशेने जातो, आणि वस्तीत पेलायो रस्त्यावर उंच टाचांच्या सॅंडल घालून पुरुषांची शर्यत होते, दगडी फरसबंदीवर त्या टाचांचा खाडखाड आवाज आणि दोन्ही बाजूंनी आरडाओरडा. 2017मध्ये वर्ल्डप्राइड माद्रिदला होता, मेट्रो स्टेशनचे रंग तेव्हाचे. त्या आठवड्यात हॉटेलचे भाव आकाशाला भिडतात, वस्ती नीट बघायची असेल तर ऑक्टोबर बरा.

सगळं आलबेल आहे असंही नाही. 3 जुलै 2021च्या पहाटे, माद्रिदमध्ये ओरगुयोचाच शनिवार उजाडत होता तेव्हा, वायव्येकडच्या आ कोरुन्या शहरात सामुएल लुइस या 24 वर्षांच्या मुलाला डिस्कोबाहेर टोळक्याने समलिंगींना देतात त्या शिव्या घालत मारून टाकलं. त्यानंतर माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात हजारो लोक जमले. काचेची दारं आली तरी दाराबाहेरचा रस्ता अजून सगळीकडे सारखा सुरक्षित झालेला नाही.

दुसरं दुखणं भाड्यांचं. ज्यांनी वस्ती सावरली त्यांनाच आता तिथे राहणं परवडत नाही, जुनी घरं टुरिस्टांना दिवसावर दिली जातात, बरेच बार बंद झाले कारण ओळख आता फोनवरच होते. तरुण क्वीअर मंडळी लावापिएस या दुसऱ्या वस्तीकडे सरकली, त्याच लावापिएसमध्ये बांगलादेशी-भारतीय हॉटेलांची रांग आहे, तेव्हा पहाटेपर्यंत नाचून दुसऱ्या दिवशी डाळ-भाताची आठवण झाली तर तिकडे वळावं.

रविवारी दुपारी मात्र चुएकाच्या चौकात जावं. कोपऱ्यावर आन्खेल सिएर्राचं जुनं मद्यगृह आहे, 1917पासूनचं, भिंतीला रंगीत टाइल्स, नळातून काढलेली बेरमुत ही गोडसर-कडवट दारू आणि सोबत एखादं ऑलिव्ह. बसायला जागा जवळजवळ नाहीच, सगळे काउंटरला टेकून उभे. रात्रीची चमकी अजून गालावर असलेली पोरं, कुत्र्याला घेऊन आलेलं लग्न झालेल्या दोन पुरुषांचं जोडपं, आणि चर्चहून परत येताना थांबलेली वस्तीतली आजी, तिला जागा करून द्यायला सगळे थोडे थोडे सरकतात.