डोळ्यातलं इंजेक्शन आणि २०१६ ची सूचना

पडद्याच्या आजारावर डोळ्यात इंजेक्शन घेणं नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत आता रोजचं झालं आहे. गोंदिया, बालाघाट, चंद्रपूरहून सकाळच्या गाडीने आलेला रुग्ण संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी जातो. डोळ्यात टाकलेल्या थेंबांतलं पाच टक्केसुद्धा औषध आत शिरत नाही आणि मागच्या पडद्यापर्यंत तर जवळपास काहीच पोचत नाही, म्हणून ही सुई. १९११ मध्ये तिच्यातून हवा सोडली गेली, १९४० च्या दशकात पेनिसिलिन. खरी उलथापालथ झाली ती २००४ नंतर.

त्या वर्षी बेव्हासिझुमॅब या औषधाला अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते डोळ्यात वापरून पाहिलं आणि पडद्याची सूज उतरली. २००६ मध्ये त्याच कंपनीचं, खास डोळ्यासाठीचं रॅनिबिझुमॅब आलं. अमेरिकेत एका डोसची किंमत सुमारे दोन हजार डॉलर, तर जुन्या बेव्हासिझुमॅबची पन्नासेक. २०११ मध्ये तिथल्या सरकारी खर्चाने झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर दोन्हींमुळे नजरेत पडलेला फरक सारखाच निघाला. तरीही डोळ्यासाठी जुन्याचा परवाना मागायला कंपनी काही पुढे आली नाही.

जुन्याची कुपी असते चार मिलीलीटरची, १०० मिलिग्रॅमची. डोळ्याला लागतं ०.०५ मिलीलीटर, म्हणजे १.२५ मिलिग्रॅम. एका कुपीतून अनेक सिरिंज भरतात म्हणूनच ते स्वस्त पडतं, आणि जंतू शिरण्याचा धोकाही त्या भरण्यातच आहे.

गुजरातेत काही रुग्णांच्या डोळ्यांना हे इंजेक्शन बाधलं आणि जानेवारी २०१६ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी ते डोळ्यात वापरण्याविरुद्ध सूचना काढली. अनेकांनी तिला बंदी म्हटलं. परिणाम बंदीचाच होता, कारण लेखी सूचना समोर असताना कोणता डॉक्टर हात घालणार? शंका एका ठिकाणच्या औषधाबद्दल होती, अडवलं गेलं देशभरातलं औषध. कुपी कुठून आली, सिरिंज कुणी आणि कुठे भरल्या, हे आधी धुंडाळायला हवं होतं. नेत्रतज्ज्ञांनी जगभरातले पुरावे मांडले आणि मार्चमध्ये सूचना मागे घेतली गेली. मधल्या काळात ज्यांची ठरलेली इंजेक्शनं चुकली, त्यांच्या पडद्यांचा हिशेब कुणी ठेवला? मग भर आला तो कुपीतून सिरिंज भरण्याच्या शिस्तीवर: निर्जंतुक खोली, बॅचची नोंद, शीतसाखळी. कुपी दोन ते आठ अंशांत राहायला हवी, आणि मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसला टेकतो. दुकान दवाखान्याला लागून असलं तरी बर्फाचा डबा सुटत नाही.

देशी बनावटीचं रॅनिबिझुमॅब २०१५ मध्येच बाजारात आलं होतं, त्यामुळे किमतीने मधला पर्याय मिळाला. आता चढाओढ आहे ती दोन सुयांमधलं अंतर वाढवण्याची. डोळ्यात बसवून पुन्हा भरता येणारी औषधाची डबी २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पण तिच्या झाकणात दोष निघाल्याने वर्षभरात परत मागवावी लागली. २०२२ मध्ये तिथे आलेलं फॅरिसिमॅब काही रुग्णांना चार महिने पुरतं. बालाघाटहून येणाऱ्याच्या त्यात दर वर्षी कितीतरी फेऱ्या वाचतील, पण आज तरी बहुतेकांची चिठ्ठी किंमत पाहूनच लिहिली जाते.