मान्यताप्राप्त कामगार संघटना (महाराष्ट्र)

एखाद्या कारखान्यातील सर्व कामगारांच्या वतीने मालकाशी वाटाघाटी आणि करार करण्याचा कायदेशीर अधिकार मिळालेली संघटना म्हणजे मान्यताप्राप्त संघटना. नोंदणी आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1926 च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणी केली की संघटनेला कायदेशीर अस्तित्व मिळे. पण मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे, असे बंधन तो कायदा घालत नव्हता. एका फाटकावर तीन-चार झेंडे असतील, तर बोलणी कोणाशी करायची? महाराष्ट्राने याचे उत्तर दोन कायद्यांतून दिले आणि दोन्हींत कसोटी ठेवली ती मतांची नव्हे, सभासदसंख्येची.

पहिला कायदा 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम. त्याआधीच्या 1938 च्या कायद्याने संपाच्या हक्काला मुरड घातली, म्हणून डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी 7 नोव्हेंबर 1938 रोजी एकत्र येऊन संप केला होता. 1946 च्या कायद्यात एका स्थानिक क्षेत्रातील अख्ख्या धंद्यासाठी एकच ‘प्रातिनिधिक संघटना’ असते आणि त्यासाठी 25 टक्के सभासद पुरतात. म्हणजे मुंबईतल्या सगळ्या कापड गिरण्यांसाठी एकच तोंड. हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता.

दुसरा कायदा 1971 चा. संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध हे त्याचे दोन विषय. तो 8 सप्टेंबर 1975 पासून लागू झाला. येथे एकक धंद्याचे नसून आस्थापनेचे आहे. 50 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद असलेली संघटना औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज करू शकते. मालकाच्या सोयीसाठी उभ्या केलेल्या संघटनेला न्यायालय मान्यता नाकारू शकते. मान्यता मिळाल्यापासून दोन वर्षे प्रतिस्पर्धी संघटनेला तिच्या जागेसाठी अर्ज करता येत नाही.

त्यामुळे खरी लढाई होते ती पावतीपुस्तकावर. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर वर्गणी गोळा करायची, नाव आणि तिकीट नंबर घालून पावती फाडायची, स्थळप्रत जपायची. तपासणीच्या वेळी पावत्या, सभासद नोंदवही आणि कंपनीचा हजेरीपट समोरासमोर ठेवले जातात. एकाच कामगाराने दोन संघटनांच्या पावत्या घेतल्या, की वादाला तोंड फुटते. मजुरीतून काढून दिलेली ही वर्गणी संघटनेच्या साऱ्या अधिकाराचा पाया असते; म्हणून हिशेबात ढिलाई म्हणजे सभासदांचा विश्वासघातच. कायदाही महिना किमान 50 पैसे वर्गणी, तीन महिन्यांतून एकदा तरी कार्यकारिणीची बैठक आणि दरवर्षी लेखापरीक्षण यांची सक्ती करतो.

मान्यता मिळालेल्या संघटनेला आवारात वर्गणी गोळा करता येते, सूचनाफलक लावता येतो. मान्यता नसलेली संघटनाही आपल्या सभासदाच्या निलंबनाबाबत वा बडतर्फीबाबत मालकाशी चर्चा करू शकते आणि खातेनिहाय चौकशीत त्याच्या बाजूने उभी राहू शकते. हे छोटे कलम अडचणीतल्या एकट्या कामगारासाठी मोलाचे आहे.

पावती आणि विश्वास यांची फारकत किती महाग पडते, हे गिरणगावाने भोगले. 1981 च्या दिवाळीत बोनसच्या तडजोडीवर नाराज झालेले स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर उतरले. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती, 1946 चा कायदा रद्द करण्याची. कायद्याच्या लेखी प्रातिनिधिक संघटना मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच राहिली आणि संप बेकायदा ठरला. पुढे 1984 च्या लोकसभा निवडणुकीत सामंत मुंबई दक्षिण मध्यमधून निवडून आले. मतपेटीत दिसलेला कौल वाटाघाटीच्या टेबलापर्यंत पोहोचण्याची वाट त्या कायद्यात नव्हती, आणि हा त्याचा गंभीर दोष होता. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.

गुप्त मतदानाने संघटना निवडावी, ही मागणी तेव्हापासून अधिक जोराने होत आली. 2020 च्या केंद्रीय औद्योगिक संबंध संहितेने एकट्याने वाटाघाटी करण्यासाठी 51 टक्क्यांची अट घातली. तेवढे बळ कोणाकडेच नसेल, तर किमान 20 टक्के सभासद असलेल्या संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद बसते.